चारवर ठेवा

लोक किती सुखी आहेत हे मोजणाऱ्या एका ऑफिसात मी एकोणीस वर्षं नोकरी करतो आहे. या काळात ऑफिसातलं कोणी सुखी झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण आमचं मोजमाप बिनचूक असतं. आमच्याकडे फॉर्म आहे. 'एकंदर आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? शून्य ते दहामधला एक आकडा सांगा.' माणूस आकडा सांगतो, आम्ही लिहून घेतो आणि अशा सात-आठ हजार आकड्यांच्या सुतावरून स्वर्ग गाठतो. त्या वर्षी आमचा विषय होता इंटरनेट. माणूस नेटवर किती तास बसतो आणि त्याने त्याचं समाधान वाढतं की घटतं, हे शोधायचं होतं. काहींचं वाढतं आणि काहींचं घटतं, हे फॉर्म छापायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं. पण तेवढंच लिहून दिलं तर पगार कोण देणार?

नेमके त्याच वर्षी माझे सासरे नेटच्या नादी लागले. म्हणजे त्यांना नादी लावलं मीच. जावई हा सासऱ्याच्या कुंडलीतला दहावा ग्रह असतो, असं म्हणतात ते उगाच नाही.

सासरे शिलाई मशीनचे मिस्त्री. सगळं गाव त्यांना मिस्त्रीच म्हणतं. सासूबाईसुद्धा रागात असल्या की तेच म्हणतात. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढं त्यांचं दुकान होतं, रस्त्यापासून सात पायऱ्या खाली. तिथे त्यांनी सेहेचाळीस वर्षं काढली. मग गुडघ्यांनी त्या सात पायऱ्या मोजायला सुरुवात केली आणि दुकान बंद करावं लागलं.

पहिले सहा महिने ते घरी होते. त्या सहा महिन्यांत घरात चालू असलेली प्रत्येक वस्तू त्यांनी दुरुस्त केली आणि बंद पाडली. भिंतीवरचं घड्याळ गेलं, मिक्सर गेला, दाराची घंटी गेली. पाहुणे दार ठोठवायचे आणि आत सासूबाई म्हणायच्या, "अहो, घंटी कालपर्यंत ठणठणीत होती. मग यांनी तिला बरं केलं."

वस्तू संपल्यावर ते खिडकीत बसायला लागले. दाढी वाढली. बोलणं 'हो', 'नाही' आणि 'ठेव तिथे' एवढ्यावर आलं. एकदा मी विचारलं, "बाबा, काय चाललंय?"

"काही नाही," ते म्हणाले. "गंज."

हे ऐकून मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. मग तिने माझा जुना, एका कोपऱ्यात तडकलेला फोन खणातून काढून माझ्या हातात ठेवला. मी त्यावर त्यांचं खातं उघडून दिलं. घाईत नंबर माझाच टाकला. सरकारी फॉर्मपासून सासऱ्यांच्या फोनपर्यंत सगळीकडे मी स्वतःचा नंबर टाकतो, सवय आहे.

शिवणकाम करणाऱ्यांचा एक मोठा गट त्यांना तिथे सापडला. कोणा बाईने विचारलं होतं, की मशीन शिवताना खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ होते, काय करू? खाली चाळीस शहाण्यांनी चाळीस उत्तरं दिली होती. बॉबिन बदला, खालचा स्क्रू आवळा, मशीनच बदला. सासऱ्यांनी फोन डब्याला टेकवून उभा केला, आपल्या मशीनसमोर बसले आणि फक्त हात दिसतील असा दीड मिनिटाचा व्हिडिओ केला. त्यात ते एवढंच म्हणाले: "बाई, गुंतवळ खाली दिसते म्हणून चूक खाली असते असं नाही. वरचा दोरा ओवताना कापड दाबायचा पाय खाली होता का? तो वर करा आणि परत ओवा. बस."

बाईचं मशीन चालू झालं. चाळीस शहाणे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी दाढी केली.

वर्षभरात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही कोणी फॉर्म भरून पटवू शकलं नसतं. मागच्या गॅलरीत दुकानातलं जुनं बाक आलं. भिंतीवर पान्यांची रांग लागली. दुकानातली पाटीसुद्धा आली, एका बाजूला 'चालू' आणि दुसऱ्या बाजूला 'बंद'. बरोब्बर नऊ वाजता ते ॲप्रन बांधायचे, पाटी फिरवायचे आणि फोन उघडायचे. एक वाजता पाटी परत. चारला चालू, सातला बंद. रविवारी सुटी. ती पाटी बघायला गॅलरीत सासूबाई आणि एक कबूतर यांच्याशिवाय कोणी नव्हतं, पण पाटी एक दिवस चुकली नाही.

एकदा सकाळी मी तिथेच बसलो होतो तेव्हा फोन आला. पलीकडे कोणी शिंपीणबाई होती, रडकुंडीला आलेली. मिस्त्रींनी मशीनचं विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असे.

"आज काय शिवायचंय?"

"पडदे, काका. इस्पितळाचे. दुपारी माणूस न्यायला येणार आहे आणि हे टकटक करतंय."

"किती झाले?"

"अकरा. नऊ राहिलेत."

"मग मोटार बंद करा. फोन मशीनला टेकवा. आता हातचाक हाताने फिरवा, सावकाश. हां. अजून सावकाश, त्याला झोपेतून उठवताय असं फिरवा."

त्यांनी डोळे मिटले. फोनमधून घर्र आणि मग एक बारीकसा टक ऐकू आला. मला ते दोन्ही आवाज सारखेच वाटले.

"सुई खाली जाताना वाजतंय की वर येताना?"

"खाली जाताना."

"सुई वाकलीय. नवी घाला, सपाट बाजू मागे. इस्पितळाचं कापड जाड असतं, तुम्ही ते मागून ओढताय."

मग बाई म्हणाली, "ओढत होते खरी. तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसलं नाही. ऐकू आलं. कापडाला ओढायचं नसतं बाई, ते आपल्या पायांनी जातं. आणि दोऱ्याच्या ताणाची चकती चारवर ठेवा."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "तिचा श्वास ऐकलात जावईबापू? मशीनपेक्षा तोच जास्त लागला होता. आधी हाताने चाक फिरवायला लावायचं ते मशीनसाठी थोडंच असतं?"

एकोणीस वर्षं मी लोकांना 'गेल्या आठवड्यात तुम्हाला अस्वस्थ वाटलं का' विचारतो आहे. हातचाक फिरवायला मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण त्याने एकट्याने खोटी पाडली आहे. माणूस प्रेमळ आहे, पण धंद्यामुळे त्याचा स्वभाव असा झालाय की कुठे दुखतंय म्हटलं की त्याला पहिल्यांदा काढून टाकणंच सुचतं. आईबाबांच्या घरातली नेटची लाइन त्याच्या नावावर होती. एक दिवस कंपनीने त्याला वापराचा तक्ता पाठवला आणि तक्ता पाहून तो रविवारी सकाळीच येऊन ठेपला.

"सात तास," तो म्हणाला. "रोज सात तास, भाऊजी. माझ्याकडे येणारी सोळा वर्षांची पोरंसुद्धा एवढी बसत नाहीत. म्हातारपणी हे असं होतं, मी वाचलंय. माणूस स्क्रीनला चिकटतो आणि आतून एकटा पडत जातो. त्याचं त्याला कळत नाही."

"तू कुठे वाचलंस?" बायकोने विचारलं.

"नेटवर."

सासूबाई तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि ठेवून परत गेल्या.

सासरे रविवार असल्यामुळे ॲप्रनशिवाय बसले होते आणि त्यामुळे जरा अवघडले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, मी काही वैरी नाही. पण लाइन बंद करावी असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला वाटतं ठीक चाललंय. मला वाटतं नाही. मग वाद कशाला? भाऊजींचं ऑफिस हेच तर मोजतं. त्यांनी फॉर्म भरून घ्यावा. समाधान पाच किंवा वर आलं, तर मी तोंड उघडणार नाही. पाचाच्या खाली आलं तर लाइन बंद."

मी म्हणालो, की आमचा फॉर्म सात हजार लोकांसाठी असतो, एका माणसासाठी नाही. हे वाक्य मी ऑफिसातही बोललो आहे. तिथेही ते कुणी ऐकलं नव्हतं.

"भरू की," सासरे म्हणाले. "मापाला कशाला घाबरायचं? सेहेचाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला हेच सांगत आलोय. तुमचं नको, माझं नको, पट्टी लावू."

लाइन गेली तर काय होणार हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. खिडकी होती, खुर्ची तिथेच होती. मला तो 'गंज' शब्द आठवत होता. मी पिशवीतून फॉर्म काढला. नमुना म्हणून आधी मेहुण्याला भरायला दिला. त्याने त्याच्या फोनकडे बघत बघत समाधान आठ लिहिलं आणि नेटचा वापर 'कामापुरता'. ते लिहिताना फोन तीनदा वाजला.

मग सासरे. ते ताठ बसले.

"दिवसातून किती तास इंटरनेट वापरता?"

"मी? मुळीच नाही."

"बाबा," मेहुणा म्हणाला, "तक्ता आहे माझ्याकडे."

"अरे ते दुकान आहे. दुकानात बसतो त्याला कोणी नेटवर बसतो म्हणतं का? तू दिवसभर लोकांच्या तोंडात असतोस, म्हणून मी तुला तोंडाळ म्हणतो का?"

मी शून्य लिहिलं. फॉर्मवर माणूस म्हणेल तेच लिहायचं, असा नियम आहे.

"आता एकंदर आयुष्य. शून्य ते दहा. किती समाधानी?"

त्यांनी घाई केली नाही. गॅलरीकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, बोटं एकमेकांवर घासली, जशी ते दोरा पारखताना घासतात. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच छान काहीतरी होतं.

"चार," ते म्हणाले.

"बाबा, नीट विचार करून सांगा," बायको म्हणाली.

"नीटच सांगतोय. चार. अगदी चार."

मी पुढचे प्रश्न विचारले. घरच्यांशी संबंध? चार. दिवस कसा जातो? चार. आपला कुणाला उपयोग आहे असं वाटतं का? इथे ते जरा थांबले आणि म्हणाले, "साडेचार चालतं का? बरं, चारच लिहा."

मेहुण्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याचे डोळे भरले होते. "बघितलंत ना, भाऊजी," तो हळूच म्हणाला. "आणि आपण समजत होतो मजेत आहेत."

सासऱ्यांना त्याचा निर्णय कळला तेव्हा ते गोंधळले, पण अडले नाहीत. "पट्टीत बसत नसेल तर नाही," एवढंच बोलले. फोन त्यांनी पुसून खोक्यात ठेवला. गॅलरीत जाऊन पाटी 'बंद'वर फिरवली. ती आधीच 'बंद'वर होती, रविवार होता. म्हणून त्यांनी ती काढून बाकाखाली ठेवली.

सोमवारी त्यांनी धुलाईयंत्र उघडलं.

मंगळवारी सासूबाईंचा मला ऑफिसात फोन आला. "जावईबापू, तुमच्या आकड्यात माझा काही रकाना असेल तर त्यात लिहा, की मी बादलीत कपडे धुतेय. आणि यांनी दाढी केलेली नाही."

माझा नंबर टाकला होता ते आता अंगाशी आलं. खातं माझ्या फोनवरही उघडत होतं आणि तिथे दिवसभर निरोप येत होते. 'मिस्त्री, आवाज पाठवलाय, ऐका.' 'मिस्त्री, बरे आहात ना?' 'काका, दुकान का बंद?' एका माणसाने नुसताच घर्र आवाज पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'घाई नाही.' मी तो आवाज मिटिंगमध्ये चुकून लावला. साहेबांनी विचारलं, तब्येत ठीक आहे ना.

गुरुवारी त्या पडदेवाल्या बाईचा निरोप आला. सोबत फोटो होता: मशीनच्या अंगावरची छोटी चकती, शून्य ते नऊ आकडे, आणि खुणेसमोर आलेला चार. शेजारी पडद्याच्या कडेवर एक सरळ टीप. खाली तिने लिहिलं होतं: 'चारवरच ठेवते, काका. वरून-खालून सारखी टीप येते. तुमचं वाक्य भिंतीवर लावलंय. चार म्हणजे सगळं जागच्या जागी. चारच्या पुढे नुसती हाव.'

मी तो फोटो दोनदा पाहिला. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सासरे खिडकीत होते. मी समोर स्टूल ओढलं.

"बाबा, रविवारी तुम्ही चार का म्हणालात?"

"मग किती म्हणायचं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "शून्यावर दोरा लोंबतो. नऊवर तुटतो. चारला टाका वरून जसा दिसतो तसाच खालून. कापड फारच जाड असेल तर पाच. माझं काही जाड कापड नाही, जावईबापू. बायको बोलते, पोरं येतात, दुकान चालू होतं. चार म्हणजे चारच. त्या उपयोगाच्या प्रश्नाला थोडं वर जायची इच्छा झाली होती, पण म्हटलं, कशाला."

"आमच्या पट्टीवर दहा म्हणजे सगळ्यात चांगलं असतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं ते सुई उलटी घालणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतात. रागाने नाही, काळजीने. "सगळ्यात जास्त म्हणजे सगळ्यात चांगलं? आणि हे तुम्ही लोकांना सांगता?"

नव्हतं सांगितलं. एकोणीस वर्षांत कुणालाच सांगावंसं वाटलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊकच असणार असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या त्या वर्षीच्या गठ्ठ्यात चार देणारे बाराशे लोक होते. अहवालात त्यांना आम्ही 'असमाधानी' असं नाव दिलं होतं. त्यांतले शिंपी किती हे बघायला रकानाच नव्हता.

संध्याकाळी पाचला मेहुण्याला बोलावून घेतलं. तो दवाखान्यातूनच आला, गळ्यात मास्क लोंबत होता. मी फोटो दाखवला आणि हिशेब समजावला. तो खाली बसला.

"म्हणजे तुम्ही मजेत होतात, बाबा?"

"होतो ना. सांगितलं की तसं."

"मग मी लाइन काढली तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू पट्टी लावलीस. पट्टीशी काय भांडायचं? मला वाटलं, तुमच्याकडे आजकाल पाच लागत असतील." ते थोडे पुढे झुकले. "तू किती लिहिलं होतंस रे त्या दिवशी?"

"आठ."

"आठ," सासरे म्हणाले, आणि मुलाकडे नीट बघायला लागले, मोटार बंद करून बघतात तसे. "आठवर कोण ठेवतं? तुटेल ना."

मेहुणा हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "दोरा नाही तुटत, बाबा," तो म्हणाला. "झोप तुटते. साडेतीनला जाग येते. मग फोन बघत पडतो, सकाळपर्यंत."

"कामापुरता," बायको म्हणाली. तिच्या भावाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "झालं असेल माप घेऊन तर लाइन जोडा. मला कोणी विचारलं नाही, पण मी सांगून ठेवते. सोमवारपासून माझे दोन आहेत. हे दुकानात असले की आठ असतात. माझी चकती दहाचीच आहे."

लाइन जोडायला मेहुण्याला तीन मिनिटं लागली. बंद करायलाही तेवढीच लागली होती. सासऱ्यांनी खोक्यातून फोन काढला, बाकाखालून पाटी काढून पुसली, ॲप्रन बांधलं. घड्याळ पाहिलं. पावणेसहा, म्हणजे दुकानाची वेळ होती. पाटी 'चालू' झाली. फोनने एकदम एकशे बारा निरोप ओतले आणि ते बघून ते पुटपुटले, "एवढ्यांचं शिवायचं राहिलंय."

पहिला त्यांनी तो 'घाई नाही'वाला आवाज लावला. आम्ही सगळे गॅलरीत दाटीने उभे होतो. घर्र, घर्र, मध्येच काहीतरी किंचित अडखळत होतं. सासऱ्यांनी डोळे मिटले. मग एक डोळा उघडून मुलाला म्हणाले, "स्टूल घे. तो फोन खिशात ठेव आणि हा ऐक."

डॉक्टरने स्वतःचा फोन खिशात घातला. तो आतल्या आत वाजला, त्याने काढला नाही. डोकं पुढे करून तो बराच वेळ ऐकत राहिला, रुग्णाच्या तोंडात वाकतो तसा.

"पट्टा सैल आहे?" त्याने विचारलं.

"नाही," सासरे म्हणाले. "परत लाव. सावकाश."